आजोबा अधिक चार

वादळ आलं आणि गेलं, पण जाताना वारा मागे ठेवून गेलं. दिवसभर नुसती दारं आपटायची. भुसा डोळ्यांत, भुसा भातात, भुसा अंथरुणात. सुताराच्या घरात भुसा काही नवा नाही, पण एरवी तो गुमान खाली पडून असतो. त्या दिवसांत त्याला पाय फुटले होते आणि मलाही. झाडू ठेवला की सूप घ्यायचं, सूप ठेवलं की कळशी. एका जागी बूड टेकवत नव्हतं.

त्या वादळात गावाच्या कोठाराचं छप्पर उडालं आणि आमच्या ह्यांचा उजवा हात मोडला. दोन्ही एकाच वेळी, कारण छप्पर धरायला हेच वर चढले होते. छप्पर म्हणजे काय म्हैस आहे, दावं धरलं की थांबायला? पण माझं ऐकतील तर शपथ. हात प्लास्टरात गेला, गळ्यात अडकला आणि ह्यांचं सगळं बळ तोंडात आलं.

दोन-तीन दिवसांनी कोठाराचा कारभारी आला. खाट पुढे सरकवली तरी बसला नाही.

"धान्य ताडपत्रीखाली आहे," म्हणाला. "ह्या वाऱ्यात ताडपत्री किती दिवस टिकणार? पावसाच्या आत छप्पर पाहिजे. जमेल?"

"जमेल की," हे म्हणाले.

कारभाऱ्याने प्लास्टरकडे बघितलं. "कापणार कोण?"

"पोरगी कापेल. मी सांगेन, ती कापेल."

"ती होय?" कारभारी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. "हे बघा, दोन्ही टोकांच्या वाशांच्या जोड्या आधी उभ्या करून दाखवा. जुळल्या तर सगळं काम तुमचं. नाहीतर पलीकडच्या गावचा यंत्रवाला तयारच आहे."

तो गेला. यंत्रवाल्याने एकदा गावात पाय ठेवला की छपरावर थोडाच थांबणार होता? दारं, खिडक्या, पाळणे, तिरड्यासुद्धा त्याच्याच. मग आम्ही काय करायचं? करवतीची पूजा?

आता पोरीबद्दल सांगते. तिला सगळे भोपळा म्हणायचे. गणितात एकदा नाही, ओळीने भोपळे आणले, मास्तरांनी वर्गात नाव ठेवलं, वर्गाने गावात नेलं आणि गावाने आमच्या घरात आणून सोडलं. शाळा सुटली तरी नाव सुटलं नाही. करवत मात्र तिच्या हातात अशी चालायची की बघत राहावं. मनगट सैल, खांदा स्थिर, आखलेल्या रेघेवरून केसभर सरकायची नाही. पण टेप हातात देऊन "किती आलं?" विचारा, की मान खाली, कानाच्या पाळ्या लाल आणि घशातून आवाज फुटेना.

ह्यांचं म्हणणं, त्यात काही बिघडत नाही. कारण आमच्याकडे आजोबा होते.

आजोबा म्हणजे एक वासा. सासऱ्यांच्याही बापाने कापलेला, तेल पिऊन काळा झालेला, पडवीत दोन खुंट्यांवर आडवा टांगलेला. गावातली घरं एकमेकांचं बघून बांधलेली, सगळी एकाच रुंदीची. नवं छप्पर आलं की आजोबांना खाली उतरवायचं, नवं लाकूड त्यांच्या अंगाला अंग लावून ठेवायचं, वरचा तिरका काप, खालचा काप, सगळं उमटवून घ्यायचं आणि कापायचं. तीन पिढ्यांत कुणी हिशेब केला नाही. भिंतीपासून मध्यापर्यंत आठ फूट, मध्यावर भिंतीच्या वर सहा फूट उंच, वासा दहा फूट. हे आकडे आमच्या घरात लहान मूल बोबडं बोलायला लागलं की पाठ होत.

कोठार मात्र रुंद निघालं. भिंतीपासून मध्यापर्यंत बारा फूट.

भोपळा टेप धरून उभी होती. "बाबा, हे आजोबांपेक्षा मोठं आहे."

"दिसतंय मला."

"मग वासा केवढा?"

"अगं, आठाचे बारा झाले. किती वाढले? चार. मग वासा चारने वाढव. दहा अधिक चार. ह्यात काय गणित आलंय?" ह्यांनी डाव्या हाताने डास मारल्यासारखं केलं. "आजोबा अधिक चार. काप."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं असतं. तिने चौदा फुटांचे दोन वासे कापले, तिरके काप आजोबांवरून घेतले. दुपारचं ऊन डोक्यावर, वारा भुसा उडवतोय, पोरीच्या मानेवरून घाम पाठीत उतरतोय आणि हे खाटेवरून, "सरळ धर, सरळ, झोपलीस का?" मग अंगणात कोठाराच्या मापाने खुंट्या ठोकल्या आणि जोडी जमिनीवर मांडली.

जुळली नाही. वरच्या कडा एकमेकींना टेकल्या आणि खाली सांध्याने आ वासला, चांगली दोन बोटं जातील एवढा. छप्परही आडवं झालेलं, जेवून लवंडलेल्या माणसासारखं. पाऊस त्याच्यावर मुक्कामालाच राहिला असता.

हे उठले, बघितलं, आणि काय म्हणाले? "भोपळा तो भोपळाच. दोन वासे वाया घालवलेस."

"मी तुम्ही सांगितलं तेच—"

"मी कापायला सांगितलं होतं, वाट लावायला नाही!"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चौदा कुणाच्या तोंडून आले हो? तिच्या? नाचता येईना अंगण वाकडं!" हे खाटेवर जाऊन बसले, पण चुकलं असं काही म्हणाले नाहीत. ह्या माणसाला मी सांधे जोडताना बघितलंय, तुळया पेलताना बघितलंय, पण "मला येत नाही" एवढे तीन शब्द कधी उचलताना बघितलं नाही.

पोरगी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी शेजारी गेले तर म्हणते, "आई, माझं डोकंच तसलं आहे. यंत्रवाल्याला बोलवा. मला नाही जमायचं, कधीच नाही."

तिच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताला ताप लागावा तशी पाठ गरम. मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. म्हटलं, "यंत्रवाल्याला बोलवायला तुझा बाप मोकळा आहे. तू ऊठ, तोंड धू. अंगणातले ते दोन वासे उचलायला मला एकटीला जमणार नाही."

उठली ती वासे उचलायलाच. पण त्या फटीपाशी जाऊन थांबली. खाली बसली, फटीत बोटं घातली, काढली, पुन्हा घातली.

"आई, चार वाढले, चार वाढवले. मग का नाही जुळलं?"

"मला काय विचारतेस? वाशाला विचार."

मी उडवूनच लावलं. पण ती खरंच वाशाला विचारल्यासारखी बघत बसली. किती वर्षांनी ह्या पोरीने 'का' विचारलं होतं! एरवी आकडा दिसला की पळायची.

दुसऱ्या दिवशी माझा नवा खराटा गायब. शोधते तर बाईसाहेब पडवीत बसलेल्या, खराट्याच्या काड्या मोडून ढीग केलेला.

"अगं ए! अंगण काय तुझ्या केसांनी झाडू?"

"थांब ना आई." काड्यांवरची नजर हलली नाही.

चार बोटांची एक काडी आडवी, तीन बोटांची उभी, पाच बोटांची तिरकी. त्रिकोण नीट मिटलेला. "हे आजोबा," ती म्हणाली. "लहान केलेले. दोन फुटांना एक बोट." मग शेजारी दुसरा मांडला. "आता प्रत्येकात दोन बोटं वाढवली. सहा, पाच, सात." तिरकी काडी वरपर्यंत पोचलीच नाही. "बघ. फट."

"मग?"

"मग काय, माहीत नाही."

सारखं चाललं होतं. एक बोट वाढव, तीन वाढव, उभी तेवढी वाढव. मांडायचं, बघायचं, "च्च" करायचं, मोडायचं. मी येता-जाता बघत होते आणि माझाच जीव खालीवर होत होता. कारभाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता. जमत नाही म्हणून रडली असती तर मी समजले असते. ही रडत नव्हती. ओठ चावत होती, गुडघे हलवत होती, मधेच उठून अंगणात फेरी मारून परत बसत होती. वारा काड्या उडवायचा, ती पुन्हा गोळा करायची.

हे खाटेवरून म्हणाले, "झाला का खेळ? भातुकली मांडलीय नुसती."

ती काड्या मांडत राहिली. आणि संध्याकाळी ओरडली. मला वाटलं, विंचू चावला. पळत गेले तर तिने प्रत्येक काडीपुढे तेवढीच दुसरी काडी ठेवलेली. चारपुढे चार, तीनपुढे तीन, पाचपुढे पाच.

"दुप्पट केलं तर मिटतं, आई! बघ, उतारही तोच. आजोबांचंच तोंड, नुसतं मोठं."

"पण कोठार कुठं दुप्पट आहे?"

तिचा चेहरा पडला. पण पूर्वीसारखा नाही पडला. पडला आणि लगेच तिरका झाला, विचारात. मग तिने पुढे ठेवलेली प्रत्येक काडी उचलली, बरोबर मध्ये मोडली आणि अर्धी परत ठेवली. चार आणि दोन. तीन आणि दीड. पाच आणि अडीच. त्रिकोण मिटला.

"आठाचे बारा म्हणजे चार वाढले नाहीत गं," ती सावकाश म्हणाली, जणू शब्द निसटून जातील. "दीडपट झाले. मग सगळंच दीडपट. उंची सहाची नऊ. वासा दहाचा पंधरा."

मला आतून भरून आलं आणि मी काय बोलले, तर, "बाई गं, माझ्या खराट्याचंही दीडपट करून दे." ती हसली. कित्येक दिवसांनी ते दात दिसले.

ह्यांना सांगितलं तर ह्यांचा विश्वास बसेना. "चौदाच्या जागी पंधरा? एका फुटाने काय होतंय? आणि पुन्हा चुकलं तर लाकूड तुझा मामा आणून देणार?"

"चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक आला, पण आला. "पण कापते."

पंधराची जोडी कापली. जमिनीवर मांडली. ह्या वेळी मध्ये आढ्याचा तुकडाही ठेवला, कारण वर वासे एकमेकांना नाही, आढ्याला टेकतात. आणि पुन्हा जुळेना. वासे आढ्याच्या अंगावर चढायला लागले.

हे "मी म्हणत नव्हतो?" म्हणायला तोंड उघडतात तोवर पोरगी खाली वाकलेली, मापं घेतेय. आणि हसतेय!

"हसतेस काय, मेले?"

"आई, ही मागची चूक नाही. ही नवीन आहे. आढ्याची जाडी मी धरलीच नाही. अर्धी ह्या वाशातून, अर्धी त्या वाशातून जायला पाहिजे. जास्त आहे ना, कापता येईल."

तिने दोन्हीकडून पातळसा काप काढला. सांधा बसला. त्यात बोट काय, नखही जाईना. ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा सांध्यावरून फिरवला. एकदा वरून, एकदा खालून. त्या दिवशी तिला भोपळा म्हणून हाक मारली नाही. नुसतं "अगं" म्हणाले.

तसलीच दुसरी जोडी कापली आणि कारभाऱ्याला निरोप धाडला.

कोठारापाशी अर्धं गाव जमलं होतं. कामधंदे बंद असले की लोकांना दुसऱ्याच्या कामाचा भारी उत्साह. आढं भिंतीच्या वर नऊ फुटांवर टेकूंनी उभं केलेलं. अलीकडच्या टोकाची जोडी दोराने वर गेली, पोरगी शिडीवर, केसांत भुसा, तोंडात खिळे. मी खाली उभी राहून पदर पिळत होते. "सोडा!" ती म्हणाली. वासे टेकले. बसले. कारभाऱ्याने मान वाकडी करून बघितलं आणि "हं," म्हणाला. त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळच.

"आता तिकडचं टोक."

पलीकडची जोडी वर गेली. खाली भिंतीवर बसली, आणि वर आढ्यापासून वीतभर लांब राहिली.

वीतभर! कुणीतरी मागून हसलं. कुणीतरी म्हणालं, "घर फिरलं की वासेही फिरतात." काय झालं ते पोरीला वरूनच दिसलं. कोठार त्या बाजूला फाकलेलं होतं. अलीकडे मध्यापर्यंत बारा फूट, पलीकडे टेप टाकला तर तेरा. आणि आम्ही मोजलं होतं एकच टोक. कोण मोजणार दुसरं? आमच्या गावात एक भिंत मोजली की सगळं गाव मोजून झालेलं असतं.

हे शिडीपाशी गेले आणि दात आवळून म्हणाले, "खाली उतरू नकोस. पाचर मार, ठोकून बसव. कारभाऱ्याला इथून कळत नाही."

ती खाली उतरली. सरळ कारभाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं. ह्या टोकाचं मोजलंच नव्हतं. हे टोक रुंद आहे. म्हणजे मधली प्रत्येक जोडी वेगळी निघणार, थोडी थोडी वाढत. आणि दीडपट इथं चालणार नाही, कारण आढं तेवढ्याच उंचीवर राहायला पाहिजे."

"मग कसं काढायचं?"

"अजून माहीत नाही. काढून बघते."

कारभाऱ्याने तिच्यावरची नजर ह्यांच्याकडे वळवली. "काय हो? तुम्ही एवढे जुने सुतार. म्हणजे तुम्हालाही येत नाही?"

वाऱ्यात ताडपत्री तेवढी फडफडत होती. ह्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. म्हटलं, आता हा माणूस कुणावर तरी ओरडणार. पोरीवर, माझ्यावर, नाहीतर भिंतीवर.

"नाही," हे म्हणाले. "मला येत नाही."

कारभाऱ्याला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"येत नाही मला. नमुन्यावर ठेवून कापता येतं, तेवढंच. हिला थोडं यायला लागलंय. आता हे पुढचं दोघं मिळून काढतो. तुम्हाला घाई असेल तर बोलवा यंत्रवाल्याला."

कारभारी फाकलेल्या भिंतीकडे बघत राहिला. इकडच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. "त्याला मी एकच माप सांगणार होतो," तो शेवटी म्हणाला. "गाडी भरून वासे पाठवून दिले असते त्याने, सगळे एकाच मापाचे." मग आपल्या माणसांना म्हणाला, "सावलीत बसा रे. ह्यांचं निघालं की उचलायचं. काम ह्यांचंच."

मी पिळलेला पदर सोडला. पण इकडे ह्यांना ते ऐकूच गेलं नसावं. हे गर्दीच्या मधोमध, भुशातच मांडी घालून बसले. एक फळी मांडीवर ओढली आणि पोरीला म्हणाले, "मला शिकव. सावकाश सांग, मला पटकन कळत नाही."

ती समोर बसली. फुटाला एक बोट धरून तिने फळीवर रेघा ओढल्या. "हा तळ, तेरा. ही उंची, नऊच. आता वासा केवढा, ते तुम्ही सांगा."

ह्यांनी बोटं मोजली, डाव्या हाताने. "तळ एकने वाढला. मग वासा एकने. सोळा."

"मांडून बघा."

सोळा बोटांची पट्टी मांडली, तर पट्टीने आढ्याच्या खुणेच्या वर नाक काढलं. मागे बसलेल्यांतला एकजण फिस्सकन हसला. ह्यांचे कान लाल झाले, अगदी पोरीचे व्हायचे तसे. मी पुढे होणार होते, पण पोरीने नजरेने मला थांबवलं.

ह्यांनी पट्टी उचलली, पटाशीने कापली आणि पुन्हा मांडली. आता आखूड पडली.

"पुन्हा चुकलं," हे म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पण आता जास्त कुठं आणि कमी कुठं, दोन्ही कळलं ना?"

ह्यांनी घाम पुसला आणि सगळ्या गावासमोर तिसरी पट्टी मागण्यासाठी तिच्यापुढे हात पसरला.